आवाज येऊन राहिला का?

आमच्या शाळेचा परिपाठ एका प्रश्नाने सुरू होत असे. घंटा होई, मुले रांगांत उभी राहत, शिक्षकखोलीच्या छपराखाली टांगलेला भोंगा जरासा खरखरे आणि एका लहान मुलीचा आवाज विचारी, "आवाज येऊन राहिला का?" सगळ्या मैदानावरून उत्तर जाई, "हो." मग ती मुलगी घसा साफ करी आणि प्रार्थना म्हणू लागे.

नव्या माणसाला त्यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. कुणी विद्यार्थिनी आत माइकपाशी उभी असेल, असेच कुणालाही वाटावे. पहिल्या दिवशी मलाही तसेच वाटले. मी नागपुरातल्या या शाळेत आले ती चाळिशी उलटल्यावर. पदव्या वेळेवर घेतल्या होत्या. वर्गासमोर उभे राहण्याचे धैर्य मात्र फार उशिरा आले. त्या सकाळी आपला आवाज फुटेल की नाही या विवंचनेत मी रांगेच्या कडेला उभी होते, आणि तो प्रश्न जणू मलाच विचारला गेला. मुलांबरोबर मीही हळूच "हो" म्हणून गेले. परिपाठ संपल्यावर त्या मुलीला शाबासकी द्यावी म्हणून शिक्षकखोलीत डोकावले, तर आत मुलगी नव्हती. टेबलावर जुने ध्वनियंत्र होते, त्याला एक पेन ड्राइव्ह लावलेला होता आणि कार्यालयातले बाबू त्याची बटणे बंद करीत होते. गाणारी मुलगी कोण, असे मी विचारले. त्यांनी मान वर न करताच सांगितले, "ते पोट्टी तं वारली, मॅडम. मागच्या पावसाळ्यात. डेंग्यू झाला होता तिले."

पुढे हळूहळू सगळे कळत गेले. शाळा बंद होत्या आणि वर्ग मोबाइलवर भरत होते, त्या वर्षी ती पाचवीत दाखल झाली होती. घरी बसलेल्या मुलांचा दिवस निदान प्रार्थनेने सुरू व्हावा, अशी तेव्हाच्या संगीताच्या बाईंची इच्छा होती. म्हणून त्यांनी या मुलीला शाळेची प्रार्थना वडिलांच्या मोबाइलवर म्हणून पाठवायला सांगितले. तिने पाठवली. ऑनलाइन वर्गात कुणीही बोलण्याआधी जो प्रश्न विचारी, तो तिने सवयीने आधी विचारला आणि मग गायली. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होते. ती थांबते, शिट्टी संपू देते आणि सोडलेला सूर अचूक पकडून पुढे जाते. ही प्रार्थना रोज सकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप-समूहावर पाठवली जाई. पुढच्या वर्षी शाळा उघडली, पण ती उघडण्याआधीच मुलगी गेली होती. संगीताच्या बाई बदली होऊन गेल्या. प्रार्थना म्हणायला दुसरे कुणी तयार नव्हते, तेव्हा बाबूंनी तीच ध्वनिफीत पेन ड्राइव्हवर घेऊन भोंग्याला जोडली. सुरुवातीचा प्रश्न कापून टाकावा, असे कुणीतरी सुचवले होते म्हणे. पण कापायचे कुणी, हे ठरले नाही. माझ्या समजुतीप्रमाणे, कुणाचा हात धजावला नाही.

"हो" म्हणायला सुरुवात केली ती तिच्याच वर्गाने. दोन वर्षे पडद्यावर घालवून ही मुले सहावीच्या अखेरीस प्रथमच शाळेच्या मैदानावर उभी राहिली, आणि ऑनलाइन वर्गात ज्या प्रश्नाला रोज उत्तर दिले होते तो वरून ऐकू येताच त्यांच्या तोंडून उत्तर निघाले. पहिल्यांदा ते थट्टेने निघाले असावे. शारीरिक शिक्षणाचे सर रागावले, त्यांनी दोन-चार जणांना उन्हात उभेही केले. पण दुसऱ्या दिवशी सातवीच्या रांगेतूनही तेच उत्तर आले, नंतर आठवीच्या. मी रुजू झाले तेव्हा सगळी शाळा एका आवाजात "हो" म्हणत होती आणि सरही ओठ हलवीत होते.

त्या वर्गाला मी सातवीपासून मराठी शिकवले आणि नववी-दहावीला वर्गशिक्षिका म्हणूनही माझीच नेमणूक झाली. त्यामुळे एक गोष्ट मला जवळून पाहता आली. मुलांचे आवाज फुटले, काहींना मिसरूड आली, मुली माझ्या खांद्याच्या वर गेल्या. भोंग्यातला आवाज तेवढाच राहिला. दरवर्षी पाचवीची नवी मुले येत, काही दिवस तिच्या वयाची असत आणि तिला मागे टाकून पुढे जात. ही नवी मुले तिला शोधीत. मधल्या सुटीत एखादी चिमुरडी येऊन विचारी, "मॅडम, प्रार्थना म्हणणारी ताई कोणत्या वर्गात आहे?" मी उत्तर जुळवीत उभी असे, तोवर आमच्या वर्गातले कुणीतरी सहज सांगून टाकी, "आमच्यात आहे."

खोटे बोलण्याचा त्यात हेतू नव्हता. पण असे उत्तर वर्षानुवर्षे देत राहिले की देणाऱ्याच्या मनात काय होते, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

दहावीच्या वर्षी, हिवाळ्यात, माजी विद्यार्थ्यांनी शाळेला नवे ध्वनियंत्र देऊ केले. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितले की नवी प्रार्थना पेटी-तबल्यावर, पाचवीतल्या मुलींकडून बसवून घ्यायची, आणि जुनी ध्वनिफीत आता थांबवायची. त्यांचे म्हणणे कठोर नव्हते. गेलेल्या लेकराला आपण रोज सकाळी कामाला लावतो आहोत, हे त्यांना बरेच दिवस खुपत होते. मी ही बातमी वर्गात सांगितली.  दुसऱ्या दिवशी मुलांचे शिष्टमंडळ मुख्याध्यापिकांकडे गेले. मुलांनी निरोप समारंभापर्यंत तरी थांबा अशी विनंती केली, आणि मग आपल्या वर्गाची आठवण म्हणून तोच आवाज कायम ठेवा असेही म्हटले. मुख्याध्यापिकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या की हा निर्णय त्यांचाही नाही आणि मुलांचाही नाही. तो तिच्या आईचा आहे. आई म्हणेल तसे करू.

आईला विचारायला कुणी जायचे, हे मग ओघानेच ठरले; वर्गशिक्षिका मीच होते. अनोळखी दारावर थाप मारणे ज्या माणसाला जमत नाही, त्याच्यावरच अशी कामे नेमकी येतात.

त्याच आठवड्यात निरोप समारंभाची तयारी सुरू झाली. आमच्याकडे रीत अशी की दहावीची मुले एक तास आपसात बसतात आणि शाळेतली एकेक आठवण सांगतात. त्यातल्या निवडक आठवणी समारंभात बोलायच्या. मी खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसले. ऑनलाइन वर्गात म्हैस ओरडल्याची आठवण निघाली, जरीपटक्याच्या बाजारात गणिताचे सर भाजी घेताना दिसले आणि अख्खी टोळी हातगाडीमागे लपली ती निघाली. मुले हसत होती. मग एक मुलगा उठला आणि म्हणाला की सहावीत त्याच्याजवळ पेन नव्हता, तेव्हा तिने आपला दिला होता. "ती" म्हणजे कोण, हे कुणी विचारले नाही. दुसरी एक मुलगी म्हणाली की ती तिच्या शेजारी, खिडकीच्या बेंचवर बसायची.

"खिडकीच्या नाही बे," मागून कुणीतरी म्हणाले, "समोरच्या. फळ्याजवळ. तिचा चष्मा नव्हता का?"

"चष्मा कुठं होता तिले?"

"होता. निळा."

वाद वाढला. डब्यात ती काय आणायची, कुणाशी भांडायची, स्नेहसंमेलनात कोणते गाणे म्हणाली, हे सगळे निघत गेले. प्रत्येकाजवळ काहीतरी होते, आणि सांगताना प्रत्येकाचा चेहरा उजळत होता. मी ऐकत होते, आणि हळूहळू माझ्या अंगावर काटा उभा राहत होता. कारण ती मुलगी या इमारतीत कधी आलीच नव्हती. शाळा बंद असताना ती दाखल झाली आणि शाळा उघडण्याआधी गेली. खिडकीचा बेंच तिने पाहिला नव्हता. मोबाइलच्या पडद्यावरचा एक लहानसा चौकोन, तोही बहुतेक वेळ काळा, एवढेच या मुलांनी तिचे पाहिले होते.

अखेर कोपऱ्यातली एक मुलगी उठली. फारशी न बोलणारी, अंगाने किरकोळ, शेवटच्या बाकावर बसणारी. प्राथमिक शाळेत ती गेलेल्या मुलीबरोबर चार वर्षे होती, हे मला नंतर कळले. ती खाली पाहतच म्हणाली, "ते इथं कधी आलीच नाही."

 मग तिघे-चौघे एकदम बोलू लागले. तुले काय माहीत वं, तू तं सातवीत दिवाळीनंतर शाळेत येऊन राहिली होती. तुले तं स्वतःचाही डबा आठवत नाही. कुणीतरी हसले, पण ते हसू पुढे सरकले नाही.  ती मुलगी खाली बसली आणि बाकावरच्या रंगाची खपली नखाने काढू लागली.  कागदावर ओळ चुकली तर तांबड्या शाईने दुरुस्त करता येते. हे कुठून दुरुस्त करायला घ्यायचे, ते मला कळेना. एक गोष्ट मात्र पुढे ध्यानात आली. जिने तिला खरोखर पाहिले होते, तिच्याजवळच या शाळेतली सांगण्यासारखी एकही आठवण नव्हती.

त्या मुलीलाच मी सोबत घेतले. तिच्या घरून परवानगी काढली आणि रविवारी सकाळी आम्ही बसने सावनेरला व तिथून खाप्याला गेलो. मृत मुलीचे वडील सदरमधल्या एका दुकानात कामाला होते. टाळेबंदीत ते दुकान बंद पडले, मग मुलगी गेली, आणि नागपुरात राहण्याचे कारणच उरले नाही तेव्हा ते भावाच्या आसऱ्याला खाप्याला निघून आले होते. बसमध्ये मी मनात वाक्ये रचीत होते. कसे सुरू करावे, "ध्वनिफीत" म्हणावे की "आवाज", रोज वाजते हे आधी सांगावे की नंतर. शेजारची मुलगी दुरून दिसणाऱ्या कन्हान नदीकडे पाहत बसली होती.

घर सापडायला त्रास झाला नाही. पुढच्या खोलीत शिवणयंत्र होते आणि भिंतीला दोरीवर ब्लाउजांची कापडे टांगलेली. गेलेल्या मुलीची आई माझ्याहून वयाने लहान होती. तिने आम्हाला बसायला सतरंजी घातली, पाणी दिले, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. बसमध्ये रचलेले एकही वाक्य मला आठवेना. मी शाळेचे नाव सांगितले, वर्गशिक्षिका आहे म्हणून सांगितले आणि अडखळले. तेव्हा सोबतची मुलगी, वर्गात एक वाक्य बोलून गप्प झालेली, सरळ म्हणाली, "काकू, शाळेत तिची प्रार्थना लागते. अजून."

आईचा हात कापडावर होता, तो तसाच राहिला. तिने विचारले, "रोज?"

"रोज."

मग मी बोलू शकले. शाळा उघडल्यापासून ती प्रार्थना कशी वाजते आहे, मुले काय उत्तर देतात, आता नवे यंत्र येते आहे आणि पुढे ठेवायचे की थांबवायचे हे त्यांनी सांगायचे आहे, असे सगळे मी क्रमाने सांगितले.  ज्या मोबाइलवर मुलीने ती प्रार्थना म्हटली तो, आईने सांगितले, पुढे पाण्यात पडून बिघडला होता. त्यातले फोटोही गेले होते आणि आवाजही. आपल्या लेकीचा आवाज जगात कुठेतरी उरला आहे, हे तिला आमच्या तोंडूनच कळत होते. मग तिने मला जे विचारले, ते मी आजवर विसरू शकलेली नाही.

"अजून पाचवीतलाच आवाज आहे का, मॅडम, तिचा?"

मी मान डोलावली.  उठून ती माझ्यासोबतच्या मुलीजवळ आली, मायेने म्हणाली, उभी राहा वं, आणि तिला उभे करून गळ्यातली मापाची फीत काढली. निरोपाला साडी नेसशील न, ब्लाउज कोणाचा घालतेस, असे विचारले. मुलगी म्हणाली, आईचा, ढिला होतो. बाईने तिच्या खांद्याचे, छातीचे, बाहीचे माप घेतले. खांद्यावर फीत धरलेला हात जरा जास्त वेळ थांबला. माप तिने कुठे लिहून ठेवले नाही. ठेवायचे की थांबवायचे, याचेही उत्तर दिले नाही. "मी एकदा येऊन ऐकीन, मग सांगीन," एवढेच म्हणाली.

निरोप समारंभाच्या सकाळी ती आली. थंडी होती. नववीच्या मुलांनी मैदानात पताका लावल्या होत्या, दहावीच्या मुली आयांच्या, मावश्यांच्या साड्या नेसून चालण्याचा सराव करीत होत्या आणि मुलगे कुणाकुणाचे ब्लेझर घालून अवघडले होते. तिने पिशवीतून शिवलेला ब्लाउज काढून त्या मुलीच्या हातात दिला. मुलगी आत जाऊन तो घालून आली. अंगाला अगदी नेमका बसला होता. बाईने दुरूनच पाहिले, एकदा मागे वळायला लावले आणि मान हलवली.

परिपाठाला मी तिला शिक्षकांच्या ओळीत माझ्याशेजारी उभे केले. भोंगा खरखरला. मुलांना ती कोण हे ठाऊक होते, त्यामुळे त्या दिवशी मैदानावर नेहमीची कुजबूज नव्हती.

"आवाज येऊन राहिला का?"

"हो," सगळी शाळा म्हणाली. नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाली. आईचे ओठ उघडले, पण तोवर प्रार्थना सुरू झाली होती. तिचा "हो" राहून गेला. ती स्थिर उभी होती. तिसऱ्या कडव्यात कुकरची शिट्टी झाली तेव्हा मात्र ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "मी तुरीची डाळ लावली होती. मले माहीतच नव्हतं का ते आतमधी गाऊन राहिली म्हणून." एवढी वर्षे ती शिट्टी मी ऐकत आले होते. तिच्यामागे स्वयंपाकघर असेल, स्वयंपाकघरात माणूस असेल, हे माझ्या मनातही आले नव्हते.

समारंभ आमच्याच वर्गात होता. आलूपोहे झाले, भाषणे झाली, मग आठवणी सुरू झाल्या. मला धडकी भरली होती. मुले आता काय सांगणार हे मला ठाऊक होते, आणि ते जिच्यासमोर सांगणार तिला खरे काय ते कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होते. मी तिला आधीच व्हरांड्यात गाठून, मुलांच्या मनात गैरसमज झाला आहे, त्यांना क्षमा करा, असे काहीबाही सांगू लागले होते. तिने मला थांबवले. "मले त्या दिवशी माप घेतानीच कानात सांगितलं या पोरीनं," ती म्हणाली. "बोलू द्या त्यायले. शाळेत ते कशी राहिली असती, हे मले कोणी सांगितलंच नव्हतं."

म्हणून मुले बोलली आणि ती ऐकत बसली. पेनवाला मुलगा बोलला. खिडकीच्या बेंचवाली बोलली. आई पहिल्या बाकावर बसली होती. हात मांडीत होते, आणि सांगणाऱ्याच्या तोंडावरून तिची नजर हलत नव्हती. मग ती प्रश्न विचारू लागली. डबा कोणासंग खायची? दोन-तीन हात वर झाले. भांडत होती का कोणासंग? भांडायची, पण लगेच बोलायची, असे कुणी म्हणाले. तिने समाधानाने मान हलवली. एक मुलगी म्हणाली की तिला भेंडी आवडायची नाही, डब्यात आली की दुसऱ्याला द्यायची.

"भेंडी तं लय आवडे तिले," आई म्हणाली. वर्ग चपापला. आईने क्षणभर विचार केला आणि मग स्वतःच वाट काढून दिली. "पण शाळेत नसंल खात. घरी खाय."

मुले पुन्हा श्वास घेऊ लागली. चष्म्याचा वाद पुन्हा निघाला तेव्हा तिने कुणाचीच बाजू घेतली नाही. पुढे लागला असता बहुतेक, तिच्या बापाले आहे, असे म्हणाली. मी दाराशी उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर त्या तासाभरात एक मुलगी सहावीतून सातवीत गेली, आठवीत कुणाशी तरी अबोला धरून बसली, नववीत उंच झाली. ती कधीच नव्हती, हे मला पूर्ण ठाऊक होते. तरी खिडकीच्या बेंचकडे पाहण्याचे मी टाळत होते.

शेवटी मुख्याध्यापिका आल्या आणि त्यांनी हलक्या आवाजात विचारले, ताई, मग कसे करायचे? मुले सावरून बसली. आपण जिंकलो, असे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. एवढे सगळे ऐकल्यावर ती आवाज थांबवा म्हणेल, असे मलाही वाटले नव्हते.

ती उठली. नवा ब्लाउज घातलेली मुलगी शेजारीच होती, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तो आवाज आता तंग झाला असंल तिले. एवढीशी होती तेव्हाचं माप आहे ते. तुमी सारे मोठे झाले, आणि ते एकटीच पाचवीत उभी आहे, रोज विचारून राहिली." ती थांबली. "हे पोट्टे आज सुटून राहिले न शाळेतून? मग तिलेही सुटू द्या, मॅडम. यायच्यासंगंच सुटू द्या."

 पेनवाल्या मुलाने ब्लेझरच्या बाहीने तोंड पुसले. मुख्याध्यापिकांनी मान डोलावली.

निघताना बाबूंनी ती ध्वनिफीत तिच्या मोबाइलमध्ये घालून दिली. घरी ऐकाल, तेव्हा त्रास होईल, असे मी न राहवून म्हणाले. तिने मोबाइल पिशवीत, कापडाच्या घडीत ठेवला. "नाही होणार," ती म्हणाली. "आज माहा हो राहून गेला. घरी मी म्हणीन."

मुले गेली. परीक्षा झाली, उन्हाळा गेला, निकाल लागला. त्यांतली बरीचशी आता सीताबर्डी-धरमपेठेकडच्या महाविद्यालयांतून दिसतात. ती शांत मुलगी अधूनमधून फोन करते आणि पहिले वाक्य तेच विचारते, जे आजकाल सगळेच विचारतात. मी "हो" म्हणते, आणि मगच आमचे बोलणे पुढे सरकते.

जूनच्या अखेरीस शाळा उघडली. छपराखालचा भोंगा उतरवला होता. त्याजागी भिंतीवर दोन काळे चौकोनी खोके लागले होते. पाचवीच्या मुलींनी पेटीवर प्रार्थना बसवली होती, आणि नवे यंत्र खरखरतही नव्हते. घंटा झाली. मुले रांगांत उभी राहिली. दहावीच्या रांगेत आता वेगळीच मुले होती. पेटीचा भाता उघडला गेला, पण सूर लागायला किंचित वेळ होता. मैदान शांत होते. त्या शांततेत कुणी काहीही विचारलेले नव्हते.

आणि सगळी शाळा एका आवाजात म्हणाली, "हो."

पाचवीची नवी मुले दचकून वर पाहू लागली. दुसऱ्या दिवशी तीही म्हणाली.